बगिच्याची शेवटची ओळ

नागपूरकडून सौसरला येताना वस्ती सुरू झाली की डाव्या हाताला एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्याने आत गेलात की ओट्यावर बसवलेला शेंदरी मारोती दिसेल. शनिवारी त्याच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ असते. मारोती फार जुना आहे, असं लोक सांगतात. किती जुना ते मला नक्की माहीत आहे, कारण तो मी बसवला. मी बौद्ध घरातली. देवळाची पायरी चढायची सवय आम्हाला घरातूनच नाही. आयुष्यात एकच देव बसवला, तोही सरकारी सिमेंटने, शुक्रवारी, ऑफिसच्या वेळेत.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल.

मी नगरपालिकेत मोजणीच्या कामावर होते. बाबा रामाकोन्याच्या स्टेशनवर संत्र्याच्या पेट्या चढवायचे. पेट्या जायच्या त्याच छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने मी सौसरच्या कॉलेजात जायचे. गणित घेऊन बी.एससी. झाले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. निकालाच्या दिवशी बाबांनी स्टेशनवरच्या प्रत्येक हमालाला चहा पाजला आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "पोरगी हिशोबात पास झाली." गणित आणि हिशोब त्यांना एकच. मीही कधी दुरुस्ती केली नाही.

शहर कसं वाढतं, हे लोकांना फारसं ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, कोणीतरी वर बसून ठरवतं. तसं काही नसतं. आधी एक शेतकरी शेत विकतो. घेणारा त्यात चुन्याच्या रेघा मारतो आणि रस्त्यावर बोर्ड लावतो, अमुक नगर, तमुक विहार. मग एक मास्तर घर बांधतो, एक टेलर बांधतो, जिनिंगमधला एक मजूर अर्धं बांधून त्यातच राहायला येतो. दुकान निघतं, पीठगिरणी येते. आपण ग्रामपंचायतीत आहोत की नगरपालिकेत, हे तोवर कोणी विचारत नाही. नळ पाहिजे झाला की विचारतात. नळ हद्दीपर्यंतच जातो. तेव्हा आमच्यासारख्याला बोलावतात: जा, फिरा, मोजा, शहराची हद्द कुठून कुठवर न्यायची ते दाखवा. आम्ही रेषा सुचवतो, ती जाहीर होते, लोकांचे दावे आणि आपत्त्या, म्हणजे हरकती, मागवतात, सुनावणी होते आणि मग ती राजपत्रात छापून येते. राजपत्रात आल्यावर ती दगडावरची रेघ. त्याआधी नुसती खडूची.

सौसर मध्य प्रदेशात, म्हणून आमच्याकडे या कामाचे कागद हिंदीत असतात आणि भांडणं मराठीत. दोन्ही सांभाळावं लागतं. एकदा एका घराच्या मधूनच रेषा गेली. बैठक शहरात, स्वयंपाकघर पंचायतीत. घरमालक म्हणाला, "मॅडम, चहा पंचायतीत उकळते न् मी पेतो नगरपालिकेत. कप धुवाचा कोणी?" त्याच्यासाठी रेषा हातभर सरकवली. हातभर सरकवणं सोपं असतं. आख्खी ओळ सरकवणं किती अवघड, ते मला बगिच्यात कळलं.

बोर्डावर त्या वस्तीचं नाव काहीतरी भारी होतं. म्हणताना सगळे बगीचाच म्हणायचे, कारण तो खरोखर संत्र्याचा बगीचा होता. विहिरीपासून नाल्यापर्यंत झाडांच्या ओळी. मग झाडं वाळत गेली. आधी शेंडे, मग फांद्या, मग ओळीच्या ओळी. मालक वारले, पोरांनी प्लॉट पाडले. प्लॉट पाडताना झाडांच्या ओळी तशाच ठेवल्या, कारण ओळींच्या मधली पाण्याची दांड आयतीच गल्ली झाली. म्हणून बगिच्यात आजही गल्ली कोणी म्हणत नाही. "टेलर कुठं राहते?" "दुसऱ्या ओळीत." शेवटची ओळ नाल्याच्या काठाला. तिथले प्लॉट स्वस्त, पावसाळ्यात ओल यायची. तिथे जिनिंगचे मजूर होते, संत्र्याच्या पेट्या भरणारे होते, आमच्या समाजाची काही घरं होती.

मालकाची बायको वच्छलाबाई विहिरीपाशी जुन्या घरातच राहायची. पोरांनी प्लॉट विकले. वच्छलाबाईने बगीचा काही विकला नव्हता. तिच्या लेखी ती अजून त्याची मालकीण होती. कोणाच्या अंगणात गुलाब लावला तरी ती येऊन सांगायची, "इथं खड्डा खोल कर, इथली माती चिकट हाये."

अडचण अशी होती की बगिच्याच्या खालून दोन गावांची जुनी शीव गेली होती. बाकी ओळी एका गावाच्या मौज्यात, शेवटची ओळ दुसऱ्या गावाच्या. झाडांना त्याचं काही नव्हतं. मालकही एकच असल्यामुळे कोणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. मला मात्र जुनी शीव धरूनच मोजावं लागलं. त्यामुळे सुचवलेली रेषा शेवटच्या ओळीच्या अलीकडे आली.

तिथे खूण करायची होती. एरवी आम्ही लाकडी खुंट्या ठोकायचो. पण बगिच्यात त्या टिकत नव्हत्या. एकीला बकरी बांधलेली सापडली, दुसरी कोणाच्या चुलीत गेली. म्हणून मी चौकोनी दगड आणवला, त्याला चुना दिला आणि सिमेंटमध्ये पक्का बसवला. माझ्याबरोबर टेप धरायला देवाजी असायचा. आमच्या ऑफिसातला सगळ्यात बोलका माणूस. तो म्हणाला, "आता आणा म्हणावं बकरी."

सोमवारी आम्ही परत गेलो. देवाजी पुढे होता. तो थांबला, वळला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, बधाई हो. आपला दगड देव झाला."

शनिवारी वच्छलाबाईने त्याला शेंदूर फासला होता. वर चांदीचे डोळे चिकटवले होते, पुढे नारळ फोडला होता. ती तिथेच बसून माळ ओवत होती.

मी म्हटलं, "आजी, हे काय केलंत? ही हद्दीची खूण आहे. कच्ची आहे अजून."

"कच्ची कशी? सिमिटात बसवली हाये."

"उद्या हलवावी लागली तर?"

"मारोतीले हालवता?" तिने माळ खाली ठेवली. "जामसावळीच्या मारोतीले हालवाले गेले होते म्हणतात, तर तो आडवा झाला न् तसाच निजला. पाहून या जाऊन. हा निजला तर तुमी उठवान का?"

देवाजी मागून पुटपुटला, "आपली सर्विस निजन पहिले."

मग तिने मला तिची अडचण सांगितली. आमच्याकडे लग्नात नवरदेव एकदम मांडवात येत नाही. गावाच्या शिवेवरच्या मारोतीपाशी थांबतो. मुलीकडचे लोक वाजतगाजत तिथे जातात, त्याला ओवाळतात आणि मग गावात आणतात. बगिच्यात मारोतीच नव्हता. "माह्या नातीचा नवरदेव पंचरच्या दुकानापाशी थांबवला होता, बाई. मी आरती घेऊन गेली तर पाह्यतो काय, चारही बाजूनं ट्यूबी लटकून राहिल्या. नवरदेवाले ओवाळू का ट्यूबीले? व्याही हासत होते. म्या तवाच ठरवलं, शीव ठरली की मारोती बसवतो. तुमी शीव ठरवली, म्या बसवला. दोघींचं काम झालं."

तिला दगडाची नड होती. मला हसू आलं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. मी रेघ मारली म्हणून एका बाईला आपलं गाव सापडलं होतं.

हसू त्याच आठवड्यात ओसरलं. सुखदेव ऑफिसात आला. शेवटच्या ओळीतला, जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे बांधायचा. त्याने बसायलाही नकार दिला.

"मॅडम, आमी बाहेर राहिलो न?"

"कच्ची रेषा आहे, सुखदेवभाऊ. दावा लावता येतो. शेवटची ओळसुद्धा घ्या म्हणून अर्ज द्या, सुनावणीत बोला."

"अर्ज देतो. पण तिथं तं देव बसवला त्याहीनं. पह्यले कागदावर बाहेर होतो, आता देवाच्याही बाहेर झालो." मग म्हणाला, "माह्या रंजीचं लगन हाये. सावरगावचे पाव्हणे. त्याहीले सांगतलं, पोरगी सौसरची हाये, शहरातली हाये. आता तिथं येऊन पाह्यतीन तर नळ नाही, शहर नाही. मारोतीच्या पल्याड घर."

गावाबाहेर राहणं म्हणजे काय, हे मला त्याने सांगायची गरज नव्हती. माझ्या आजीचं घर शिवेच्या पलीकडे होतं. ते कोणी मोजून ठरवलं नव्हतं. ते तसंच असतं, असं तिला सांगितलं गेलं होतं. मी गणित शिकले, मोजायला शिकले, आणि माझ्या हाताने मारलेली रेघ परत तिथेच येऊन थांबली. मी टेबलावर नकाशा उघडून सगळं परत मोजून पाहिलं. मोजणी बरोबर होती, हेच खटकत होतं.

रेषा नाल्यापर्यंत न्यायची तर मला काही अडचण दिसत नव्हती. नाला ही चांगली, ठळक हद्द. पण पुढच्या ओळींनी आपत्ती लावली. रेषा सरकली तर दगड सरकवतील, दगड सरकला तर देव उठेल. सगळ्यांत पुढे वच्छलाबाई. मी तिच्याकडे गेले. तिने बसायला पाट दिला, चहा दिला, पण ऐकून काही घेतलं नाही.

"शेवटच्या ओळीचं मी वाईट म्हणत नाही," ती म्हणाली. "पण देवाले कोणी हात लावन तर मी तिथंच आडवी होईन. दोघं निजू मंग."

सरकारी नोकराला अशा वेळी एका बाजूने बोलता येत नाही. रेषा दाखवायची, लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि गप्प बसायचं. त्या दिवसांत गप्प बसणं मला फार जड गेलं. बगिच्यातून जाताना पुढच्या ओळीतले लोक "मॅडम, चहा" म्हणायचे आणि शेवटच्या ओळीतले नुसतं पाहायचे.

रंजनाच्या लग्नाचं निमंत्रण मला होतं. सुखदेवने स्वतः आणून दिलं. देवाजीला घेऊन मी सकाळीच गेले. शेवटच्या ओळीत मांडव पडला होता, नाल्याच्या काठाने चुली लागल्या होत्या. सुखदेवची बायको कमलाबाई हळदीच्या हातानेच मला आत घेऊन गेली. रंजना नटून बसली होती. तिने मला हळूच विचारलं, "मॅडम, नवरदेव कोठी थांबवणार हाये?"

मी मनात वाट मोजून पाहिली. शीव शहराच्या कडेला असते, घर शिवेच्या आत असतं, नवरदेव बाहेरून येतो. इथे वरात मोठ्या रस्त्याने, सगळ्या ओळींतून येणार होती. आधी पुढच्या ओळी, मग मारोती, मग मुलीचं घर. सगळंच उलटं.

बँड वाजत वरात आली. बगिच्यातली सगळी माणसं आपापल्या दारात उभी होती. घोडा मारोतीपाशी आला आणि नवरदेवाच्या मामाने हात वर करून बँड थांबवला. मामा मोठे बोलके. डोक्याला फेटा, गळ्यात चार माणसांचे हार.

"मारोती आला," मामा म्हणाले. "गाव कुठं हाये?"

सुखदेव पुढे झाला. "मामाजी, हे काय, समोर मांडव दिसते न."

"मांडव दिसते. गाव काऊन दिसत नाही? आमी सगळ्या गावातून वाजतगाजत आलो, शीव लागली, न् पोरीचं घर शिवेच्या बाहेर? सुखदेवराव, तुमी तं शहरातली पोरगी सांगतली होती. हे तं तुमी आमाले शहरातून बाहेर काढून राहिले."

वरातीत हशा पिकला. एकजण म्हणाला, "मामाजी, तुमाले तरी काठाचं काय नवल? आपणही नदीच्या पल्याडचेच."

"म्हणूनच तं सांगतो!" मामा म्हणाले. "अल्याड न् पल्याड काय असते, हे सावरगाववाल्यांना शिकवाले नोको. जाम नदीच्या काठावर जिंदगी गेली."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, त्याचा तो रोख. मामांच्या मनात वाईट काही नव्हतं. लग्नातली थट्टा ती. पण सुखदेवची मान खाली गेली. हातात ओवाळायची आरती घेतलेली कमलाबाई तिथेच थांबली, पुढे यायलाही नाही आणि मागे जायलाही नाही. मला वाटलं, माझी रेघ आता सगळ्यांना दिसते आहे.

तेवढ्यात पुढच्या ओळीतून आवाज आला. "कोण म्हणते बाहेर?"

वच्छलाबाई काठी टेकत येत होती. गर्दी बाजूला झाली. ती सरळ मामांच्या पुढे येऊन उभी राहिली.

"तुमी कोण, पाव्हणे?"

"नवरदेवाचा मामा."

"मामा हाये तं ऐका. तुमी जिथं उभे हाये न, तिथं झाड होतं. माह्या हातचं. इथून पार नाल्यालोक बगीचा होता. ती शेवटची ओळ म्या न् माह्या सासऱ्यानं लावली, मी लगन होऊन आली त्या साली. दांडीचं पाणी पह्यले त्याच ओळीले सोडत होतो, कारण तिथली संत्री सगळ्यात गोड होती. माह्या बगिच्याची गोड ओळ हाये ती. तिले बाहेरची म्हणणारे तुमी कोण?"

मामा गोंधळले. "मी कुठं म्हणलो, आजी? मारोती म्हणून राहिला. तो इथं बसला न."

वच्छलाबाई मारोतीकडे वळली. त्याची सरकलेली माळ तिने सरळ केली. बँडवाला ताशाला हात लावून वाट पाहत होता. मग ती म्हणाली, "तो इथं बसला, कारण म्या इथं बसवला. बगिच्याच्या मधात बसवला. मधातला मारोती हाये हा. बजारातला मारोती पाह्यला का? तोही कधीकाळी शिवेवर होता. गाव पुढं गेलं, तो तिथंच राह्यला. ये वो कमला, दे इकडं आरती."

तिने कमलाबाईच्या हातातली आरती घेतली आणि नवरदेवाला ओवाळलं. मग आरती परत कमलाबाईच्या हातात देऊन म्हणाली, "आता तू ओवाळ. सासू तू हायेस. मी तं गाव हाये."

बँड परत सुरू झाला. पुढच्या ओळींतली माणसं दारातून उतरली आणि वरातीच्या मागे शेवटच्या ओळीत गेली. मामा सगळ्यात पुढे नाचत होते. देवाजी माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, हद्द सरकली."

खरं तर तेव्हा सरकली नव्हती. ती सरकली सुनावणीत. तहसीलीत साहेबांपुढे पुढच्या ओळींची आपत्ती वाचली गेली. वच्छलाबाई उठली आणि हिंदीत बोलायला लागली, मग हिंदी सोडून दिली. "साहेब, आमची आपत्ती वापस घेतो. मारोती हालणार नाही, हे पक्कं. तुमी रेषा हालवा. नाल्यापर्यंत न्या. आमच्या बगिच्याची ओळ हाये ती."

साहेब बाहेरचे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशावर बोट ठेवलं आणि सांगितलं, नाला ही चांगली हद्द आहे, ठळक आहे, वाहून जाणार नाही. इतकंच बोलले. बाकी सगळं वच्छलाबाई बोलून गेली होती. त्यांनी नकाशा जवळ ओढला आणि लाल पेन्सिलीने रेघ नाल्यावर नेली. ती रेघ नेताना त्यांचा हात किती सहज फिरला, ते मी अजून विसरले नाही. आमच्या आजीच्या वेळी एवढा सहज हात कोणाचाच फिरला नव्हता.

राजपत्रात आलं. नळ आला. शेवटच्या ओळीत पहिलं पाणी आलं त्या दिवशी सुखदेवने तोटी उघडीच ठेवली आणि कमलाबाईने त्याला शिव्या घातल्या. एवढं भारी बोलणं मी सुनावणीतही ऐकलं नव्हतं.

आज पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, नवे रस्ते, नवे दिवे. लोक मला विचारतात, शहर कोणी वाढवलं? अमक्या साहेबांनी की नगरपालिकेतल्या तमक्या पार्षदांनी? मी सांगते, जुने मारोती मोजा. ज्या ज्या मारोतीपाशी एकेकाळी नवरदेव थांबत होता आणि आज भाजीवाले बसतात, तिथवर कधीतरी शहर होतं. पुढचा प्रत्येक टप्पा कोणीतरी रेषा सरकवली म्हणून आला. त्यातल्या काही रेषा मी मोजल्या. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. रुखरुख एकच. वच्छलाबाई होती तोवर तिला नव्या नकाशाची प्रत नेऊन द्यायची राहून गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवली असती.

मागच्या हिवाळ्यात मी बगिच्यात गेले होते. सकाळची उन्हं होती. मारोती आता चारही बाजूंनी घरांत आहे, ओट्यावर पोरं अभ्यास करतात. पुढे चालत गेले, शेवटच्या ओळीतून नाल्याच्या पुलापर्यंत. पुलाच्या कडेला एक दगड होता. शेंदूर लावलेला, ताजा. पलीकडे कोणाचं तरी शेत विकलं गेलं होतं, चुन्याच्या रेघा पडल्या होत्या, दोन घरांचे पाये भरून झाले होते.

कमलाबाई आपल्या दारात तूर निवडत होती. केस पांढरे झाले होते.

"हे तुम्ही बसवलं?" मी विचारलं.

"मंग! आता शीव आमच्याकडे आली न, मॅडम. उद्या घरात नातीचं लगन काहाडलं तं नवरदेव कोठी थांबन?"

मी पलीकडच्या त्या अर्धवट घरांकडे पाहिलं. "आणि ते लोक? उद्या ते राहायला आले की? ते मारोतीच्या बाहेर राहतील."

कमलाबाई हसली. सूप बाजूला ठेवून उठली आणि माझ्याबरोबर पुलापर्यंत आली.

"तुमी सिमिटात बसवला होता, मॅडम. म्या नाही बसवला. निसता ठेवला हाये. ते आले की सरकवता आला पाह्यजे न."

मी कधी देवापुढे वाकत नाही. त्या दिवशी वाकले आणि दगडाला हाताने जरासं ढकललं. दगड हलला.